घंटेत लोकर कोंबली तो दिवस

मी, बेनिल्दा चोके, वय वर्षे त्र्याहत्तर, व्यवसाय खेचरांचा तांडा चालवणे, राहणार उर्कुपाता, वरची आळी, आज स्वतःच्या खाटेवर पाठीशी दोन उशा घेऊन बसले असून डोके ठिकाणावर, जीभ ताब्यात आणि पोटात सकाळच्या मक्याच्या लापशीशिवाय दुसरे काही नाही, अशा अवस्थेत माझ्या मागे माझ्या चीजवस्तूंचे, माझ्या देहाचे आणि माझ्या काही जुन्या भांडणांचे काय करायचे ते सांगून ठेवत आहे. लिहून घेणार नोटरी एलादियो. मला अक्षर येत नाही. म्हणून मी नोटरींशी आधीच ठरवून घेतले आहे की या खोलीत जे बोलले जाईल ते सगळे कागदावर उतरेल. गाळायचे नाही, सुधारायचे नाही, आणि माझ्या तोंडी कचेरीतले शब्द घालायचे नाहीत. कायद्याला लागतील तिथे त्यांनी आपले शब्द घालावेत, पण मला वाचून दाखवावेत.

मी शुद्धीवर आहे की नाही हे पाहायला नोटरींनी मला वार आणि साल विचारले. ते सांगून झाल्यावर मी न विचारता माझ्या बावीस खेचरांची नावे, वय आणि खोडी सांगायला घेतल्या. पंधराव्या खेचराशी पोहोचले तेव्हा ते म्हणाले, "पुरे, बाई. माझ्यापेक्षा तुमचंच डोकं जास्त शाबूत आहे." हेही त्यांनी लिहिले आहे.

साक्षीदार दोन लागतात. पहिले शाळामास्तर तेओदोसियो वेळेवर आले आणि कडेच्या बाकावर बसले आहेत. दुसरा साक्षीदार नालबंद निकासियो काल जत्रेला गेला तो अजून परतलेला नाही, आणि ज्या तऱ्हेने गेला ती पाहता परवापर्यंत परतेल असे वाटत नाही. म्हणून मी शेजारी निरोप पाठवला आहे. शेजारी कोण राहते ते पुढे येईल.

कलम पहिले. माझा देह. मला गावच्या कबरस्तानात पुरू नये. कुंतुर घळीच्या तोंडाशी, जिथे माझा भाऊ ओनोरियो पडला, तिथे पुरावे. पाद्रीबाबा यावर नाराज होतील. त्यांना एक मडके मध द्यावा, म्हणजे ते चालत येतील. कबरस्तानाशी माझे वैर नाही. पण त्याच्या दाराशी लढाईत पडलेल्या एकोणीस जणांच्या नावांचा दगड उभा आहे, आणि त्यावर विसावे नाव नाही. जिवंतपणी चाळीस वर्षे मी त्या दगडाजवळून मान फिरवून गेले. मेल्यावर रोज त्याच्या शेजारी झोपणार नाही. रडायला बाया आणू नयेत. ज्याला आपणहून रडू येईल त्याने रडावे, बाकीच्यांनी बटाटे उकडायला घ्यावेत.

कलम दुसरे. घर, परसू आणि चुलीवरची सगळी भांडी माझी एकुलती मुलगी मेल्चोरा हिला. छप्पर ईशान्येच्या कोपऱ्यात गळते, हे ती जाणते. जावई सातुर्निनो याने तिच्यासोबत त्या घरात सुखाने राहावे. पहाटे गाण्याची त्याची सवय मात्र वारसाहक्कात येत नाही. ती त्याने माझ्याबरोबरच पुरावी.

कलम तिसरे. बावीस खेचरे, त्यांची खोगिरे आणि घंटेची घोडी पालोमा, ही सगळी एकत्र मेल्चोराला. वाटणी करू नये, एकही विकू नये. तांडा म्हणजे बावीस जनावरे नव्हेत, एक घोडी आणि तिच्यामागचे चव्वेचाळीस कान आहेत. खेचराला माणसाची भाषा कळत नाही, वाट कळत नाही, सरकार कळत नाही. त्याला पुढे चाललेल्या पांढऱ्या घोडीच्या गळ्यातली घंटा कळते. घंटा चालली की ते चालते, घंटा थांबली की थांबते, आणि घंटा ऐकूच येईनाशी झाली की जागच्या जागी उभे राहून गळा काढते. आमच्या घरात घंटेच्या घोडीला पिढ्यान्‌पिढ्या पालोमाच म्हणतात. हिचा सहावा नंबर आहे.

कलम चौथे. सुया, दाभण, गाठीचे दोर आणि ओझे लादताना खेचराच्या डोळ्यांवर बांधायची कातडी पट्टी, हे सगळे नालबंद निकासियोला. पट्टी त्याने जत्रेतून परतताना बायकोच्या नजरेपासून वाचायला वापरली तरी माझी हरकत नाही. समोरच्या पेत्रोनिलाने एकोणीस वर्षांपूर्वी एका दिवसासाठी म्हणून माझा वाटायचा दगड नेला. तो तिच्याकडेच राहू द्यावा. पण तो मी तिला दिला असे तिने समजू नये. चोरी म्हणूनच तो तिच्या घरी राहील, आणि ती जे जे वाटेल त्याला त्याची चव लागेल.

इथे दुसरे साक्षीदार आले आहेत. त्यांनी येताना परसातल्या हिरव्या शेंगांची टोपली आणली, कारण त्यांना रिकाम्या हातांनी बसवत नाही. ते माझ्या पेटीवर बसून शेंगा सोलत आहेत. नोटरी उठून उभे राहिले, मास्तर उठून उभे राहिले, मी अर्थातच उठले नाही.

"बसा, बसा," ते म्हणाले. "मी आता कोणीही नाही. कोमाद्रे, मरायची घाई कसली? बटाटे अजून काढायचे आहेत."

"तुमचे तुम्ही काढा, कोम्पाद्रे. माझे काढून झाले."

ते मेल्चोराचे धर्मपिता आहेत, म्हणून आम्ही एकमेकांना असे म्हणतो.

कलम पाचवे. हे कलम वस्तूबद्दल नाही, या पेटीवर बसलेल्या माणसाबद्दल आहे. मृत्युपत्रात माणूस देता येत नाही, असे नोटरी म्हणतात. मी कोणाला देत नाही, फक्त लिहून ठेवते आहे, कारण हा माणूस समजला नाही तर पुढचे कलम समजणार नाही.

जनरल लिसार्दो आर्से, वय शहात्तर, किनाऱ्यावरच्या गावात जन्मलेले. धंद्याने जमीन मोजणारे. लढाई सुरू झाली तेव्हा त्यांना बंदूक चालवता येत नव्हती. नकाशा काढता येत होता, आणि राजाच्या सैन्याविरुद्ध उठलेल्या लोकांत तेवढे येणारा दुसरा कोणी नव्हता, म्हणून त्यांना सेनापती केले. सहाशे माणसे घेऊन ते आमच्या डोंगरात चढून आले, तेव्हा ओठ निळे आणि तोंडाला फेस. पहिल्या आठवड्यात खेचरावरून चार वेळा पडले.

"तीन वेळा," जनरल म्हणाले.

"चार. चौथ्यांदा तुम्ही बेशुद्ध होतात, म्हणून तुमच्या हिशेबात नाही."

मास्तर हसले आणि मग हसणे बरोबर होते का म्हणून नोटरींकडे पाहिले.

हा माणूस सेनापती म्हणून कसा होता हे शाळेच्या पुस्तकात लिहिलेले आहे, पण पुस्तक लिहिणारा त्यांच्यामागून चाललेला नाही. मी चालले आहे. माझा भाऊ ओनोरियो आणि मी, आमच्या बेचाळीस खेचरांवर त्यांची बंदुकीची दारू, गोळ्या आणि पीठ वाहत होतो. तर ऐका. ते रोज सकाळी स्वतः हजेरी घ्यायचे, कागद हातात न घेता. सहाशे नावे, बापाच्या नावासकट. दुसऱ्या महिन्यात खेचरांचीही नावे त्यांना पाठ झाली. नदी ओलांडताना ते कमरेइतक्या पाण्यात उभे राहायचे आणि शेवटचा माणूस पलीकडे गेल्याशिवाय हलायचे नाहीत. जेवायला शेवटी बसायचे. पुष्कळदा भांडे खरवडूनच भागवायचे. आणि हरलो की सगळ्यांसमोर उभे राहून एवढेच म्हणायचे, "चूक माझी होती. उद्या सकाळी निघू." अशा माणसासाठी लोक चालतात. मी बाई असून चालले, आणि पायाचे दोन अंगठे गारठ्यात गमावून चालले. अजूनही चालले असते. एवढीच एक खोड होती त्यांची, की हरल्यावर जसे सगळे स्वतःवर घेत, तसेच जिंकल्यावरही सगळे स्वतःवर घेतले.

"हे लिहिलंत?" जनरलनी विचारले.

"लिहिलं," नोटरी म्हणाले. त्यांचा आवाज जरा बारीक झाला होता.

"मग ठीक आहे," असे म्हणून त्यांनी पुढची शेंग घेतली.

लढाई संपल्यावर ते नऊ वर्षे प्रजासत्ताकाचे अध्यक्ष होते. मंत्र्यांची बैठक सकाळी सहाला, सगळ्यांनी उभे राहून. खजिन्याचा मंत्री एकदा न्याहारी करून उशिरा आला, तर दार आतून लावलेले. चार पूल बांधले, एकही राजवाडा बांधला नाही. मग एके सकाळी बाकीच्या जनरलांनी मिळून त्यांना सांगितले की आता पुरे. यांनी किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि सरहद्दीपर्यंत पायी गेले. ती वाट किती पावलांची होती ते अजून सांगतात. अकरा वर्षे परमुलखात काढली, आणि परत येऊ दिले तेव्हा राजधानीत न राहता माझ्या कुंपणाला लागून घर घेतले. का घेतले, हे मी त्यांना विचारलेले नाही. मला माहीत होते.

कलम सहावे. माझा भाऊ ओनोरियो चोके.

जनरल, हे कलम सांगताना तुम्हाला मध्ये बोलायचे असेल तर बोला, पण उठून जायचे नाही. साक्षीदाराला सगळे ऐकावे लागते, असे नोटरींनीच सांगितले आहे.

चाळीस वर्षांपूर्वी, पेरणीच्या आधीच्या महिन्यात, वरच्या खिंडीत राजाच्या सैन्याचा किल्ला होता. तीन तोफा, चारशे माणसे. आम्ही खाली पोहोचलो तेव्हा आमची चारशेसाठ उरली होती. सकाळी दाट धुके पडले. स्वतःचा हात दिसत नव्हता. जनरलना वाटले, देवानेच पडदा टाकला. धुक्यातून चुपचाप किल्ल्याखालून निघून जायचे आणि पलीकडून वर चढायचे. बेत चांगला होता. मग त्यांनी हुकूम केला की घोडीच्या घंटेत लोकर कोंबा.

ओनोरियो पुढे गेला. तो कधी कोणापुढे जात नसे. लाजाळू होता, मुलींशी बोलायचे झाले तर मला मध्ये घालायचा. पण त्या दिवशी गेला आणि म्हणाला, "साहेब, घंटा बंद केली तर खेचरं ओरडतील. एकटी घंटा कोणालाही कुठल्यातरी चुकार घोडीची वाटेल. बेचाळीस खेचरांचं ओरडणं सैन्याचंच वाटणार."

जनरल किनाऱ्याचे. तिथे ओझी होडीतून जातात, आणि होडी काही ओरडत नाही. ते म्हणाले, "मी हुकूम दिला आहे."

ओनोरियोने लोकर कोंबली.

साधारण तीनशे पावले गेलो. मी तांड्याच्या शेपटाला होते. घंटा ऐकू येईना म्हणून माझ्यापुढचे करडे खेचर थांबले, त्याच्यापुढचे थांबले, आणि मग पहिल्याने गळा काढला. ते चाळीस वर्षे माझ्या कानात आहे. बेचाळीसच्या बेचाळीस ओरडायला लागली. वर किल्ल्यात कर्णा वाजला आणि धुक्यात आंधळेपणाने गोळ्या यायला लागल्या. वाट चिंचोळी, मागे फिरता येईना, खेचरे हलेनात, त्यांच्या पाठीवर दारू. एक गोळी बरोबर लागली असती तर आमच्यापैकी कोणाचे काही पुरायलाही उरले नसते.

तेव्हा ओनोरियोने कोणालाही न विचारता घंटेतली लोकर उपसून काढली आणि पालोमाला घेऊन डावीकडच्या कुंतुर घळीत शिरला, घंटा वाजवत, हाताने हलवत, जोरजोरात. खेचरे गप्प झाली आणि तिच्यामागे निघाली. मीही निघाले. घळीत आवाज दुप्पट होतो. वर किल्ल्यातल्यांना वाटले, सगळे सैन्य घळीतून चढून येत आहे. त्यांनी तीनशे माणसे घळीच्या माथ्यावर उतरवली.

आता जनरलचे. ज्याचे आहे ते त्याला दिले पाहिजे. खाली त्यांच्यापाशी ना दारू होती ना गोळ्या. सगळे आमच्याबरोबर घळीत गेलेले. दुसरा कोणी असता तर मागे फिरला असता, आणि त्याला कोणी नावे ठेवली नसती. यांनी धुक्यात उभे राहून ऐकले. गोळ्यांचा आवाज किल्ल्यावरून सरकत सरकत घळीकडे गेला, हे त्यांना ऐकून कळले. आणि ते म्हणाले, "चला." एवढेच. भाले, काठ्या आणि दगड घेऊन चारशे माणसे सरळ चढली आणि जवळजवळ रिकामा झालेला किल्ला घेतला. खांद्यात गोळी लागलेली असताना सर्वांत पुढे हेच होते. ते "चला" त्यांचे होते, आणि ते त्यांच्याकडून कोणी काढून घेऊ लागला तर मी कबरीतून उठेन.

ओनोरियो घळीत पडला. पालोमाला खडकाआड बांधून तो पुन्हा उघड्यावर आला, घंटा हातात घेऊन, कारण घंटा वाजती राहायला हवी होती. मी दहा हातांवर होते. जास्त वेळ लागला नाही, आणि त्याने मला काही सांगितले नाही. सांगायला काही उरले असेल असे मला वाटत नाही.

दुपारी जनरलनी हजेरी घेतली, तापाने फणफणलेले असताना. ओनोरियोचे नाव आले. कोणीतरी म्हणाले, "तो हुकमाआधीच खेचरं घेऊन गेला." जनरलनी लिहायला सांगितले, "आज्ञेविना पथक सोडले." त्यांना तेव्हा खरे माहीत नव्हते, हे मी मान्य करते. दुसऱ्या दिवशी मी जाऊन सांगितले, तेव्हा कळले. पण तोवर त्यांच्या चिटणिसाने राजधानीला खलिता पाठवून दिला होता की सेनापतींनी शत्रूला फसवण्यासाठी घंटा घळीत पाठवली. एकाच दिवसाचे दोन कागद, दोन्हीखाली एकच सही. एकात घंटा जनरलच्या हुकमाने गेली, दुसऱ्यात ती नेणारा पळपुटा.

त्यामुळे दगडावर एकोणीस नावे. मी नगरसभेत गेले, तर म्हणाले बहिणीची साक्ष चालत नाही. त्या दिवशीच्या सेनापतीचे लेखी आणि शिक्कामोर्तब निवेदन आणा, लगेच नाव कोरू. मी जनरलकडे गेले. ते नुकतेच अध्यक्ष झाले होते.

ते म्हणाले होते, "कोमाद्रे, माझ्याभोवती सहा जनरल आहेत आणि सहाही जण या खुर्चीकडे बघतायत. माझ्यापाशी सैन्य नाही, पैसा नाही. माझ्यापाशी त्या घंटेची गोष्ट आहे. ती गेली तर आठवड्यात पुन्हा लढाई पेटेल. पुढच्या वर्षी."

मी विश्वास ठेवला. त्यात तथ्यही होते. पुढल्या वर्षी पुन्हा पुढचे वर्ष. मग ते सरहद्दीपलीकडे होते. मग परत आले, तेव्हा गोष्ट पाठ्यपुस्तकात गेली होती, आणि आमच्याच शाळेतली पोरे अंगणात रांगेत उभी राहून ती म्हणत होती. सोळा वर्षे आम्ही शेजारी आहोत. शेंगा आणतात, माझे छप्पर दोनदा शाकारले, मेल्चोराच्या लग्नात माझ्यापेक्षा जास्त रडले. यातले सगळे केले, ते एक सोडून.

या कलमाने मी कोणाला काही देत नाही आणि कोणाकडून काही मागत नाही. मागून झाले आहे. फक्त ओनोरियो चोके हा माझा भाऊ पळाला नव्हता, एवढे एका सरकारी शिक्क्याच्या कागदावर असावे, म्हणून सांगितले.

इथे जनरलनी सोललेले दाणे चुकून टरफलांत टाकले. नोटरी विचारतात, हेही लिहू का. लिहा.

कलम सातवे. आता माझी चोरी. जनरल अध्यक्ष असताना त्यांनी राजधानीच्या सरकारी वाड्यात काचेच्या कपाटात ठेवायला ती घंटा मागितली. मी रागात होते. मी शेजारच्या बोकडाच्या गळ्यातली घंटा काढून, राखेने घासून पाठवली. ती अजून तिथे आहे, खाली सोनेरी अक्षरांची पाटी लावलेली. परदेशातले पाहुणे टोपी काढून बघतात. खरी घंटा पहिल्यापासून पालोमाच्या गळ्यात आहे, आज सहाव्या पालोमाच्या. ती मी जनरल लिसार्दो आर्से यांना देते. कलम तिसऱ्यातून घंटा तेवढी वगळावी. त्यांना ती हवी होती, आणि माझा राग आता म्हातारा झाला आहे.

"मला माहीत होतं," जनरल म्हणाले.

"काय माहीत होतं?"

"बोकडाची आहे म्हणून. पेटी उघडून एकदा हलवली आणि कळलं. ती घंटा मी विसरेन असं वाटलं तुम्हाला?"

"मग तीस-पस्तीस वर्षं बोलला का नाहीत?"

"काय तोंडाने बोलणार होतो, कोमाद्रे? खोटी गोष्ट, खोटी घंटा. एकमेकांना शोभून दिसत होत्या."

मी हसले. खूप दिवसांत इतकी हसले नव्हते. खोकला आला, मास्तरांनी पाणी दिले.

मग नोटरींनी लेखणी खाली ठेवली. म्हणाले, एक अडचण आहे. ज्याला मृत्युपत्रात काही मिळते त्याला त्या मृत्युपत्राचा साक्षीदार होता येत नाही. जनरलनी घंटा घ्यावी नाहीतर सही करावी. दोन्ही चालणार नाही. हा कायदा मला आधी माहीत नव्हता, अशी मी शपथ घेते. नोटरींना माझी शपथ खरी वाटत नाही. तशी नोंद त्यांनी खुशाल करावी.

"घंटा घ्या," मी म्हणाले. "दुसरा कोणी साक्षीदार मिळेपर्यंत मी थांबेन. दोन दिवस काढता येतील मला."

जनरल शेंगा सोलत राहिले. टोपली रिकामी झाली, तरी हात चालूच होते.

"नोटरीसाहेब," ते म्हणाले, "साक्षीदार सहीबरोबर आणखी काय लिहू शकतो?"

"नाव, वय, धंदा. आणि त्याला स्वतःला जे प्रत्यक्ष माहीत आहे, ते."

"त्यावर शिक्का बसतो?"

"बसतो."

"मग घंटा घोडीच्या गळ्यातच राहू द्या. तिचा तिथे उपयोग आहे."

तेव्हा मलाच भीती वाटली, हे मी कबूल करते. मी म्हणाले, "कोम्पाद्रे, नीट विचार करा. चौकात तुमचा पुतळा आहे. तुम्ही गेल्यावर तेवढंच उरणार. उद्या लोक म्हणतील, आर्सेने चाळीस वर्षं मेलेल्या माणसाचं काम आपल्या नावावर खाल्लं. म्हणणारे गप्प बसणार नाहीत."

"म्हणू देत. खरंच आहे ते."

"आणि मी पोरांना काय शिकवू?" मास्तर बाकावरून म्हणाले. ते खरोखर घाबरले होते. "धडा परीक्षेला आहे, जनरलसाहेब."

"मी शाळेत येतो, मास्तर. सोमवारी. खेचरं कशी ओरडतात ते आधी करून दाखवतो, म्हणजे पुढचं त्यांच्या लक्षात राहील." मग ते माझ्याकडे वळले. "खूप उशीर केला मी. आधी खुर्ची होती म्हणून, मग नव्हती म्हणून. आणि शेवटी तर नुसती लाज वाटत होती, रोज कुंपणापलीकडून तुम्ही दिसायच्या म्हणून. माफ करा असं म्हणायलाही मला तोंड नाही."

"माफ केलं की नाही ते सांगायला मला दोन दिवस लागतील," मी म्हणाले. "पण लेखणी घ्या. हात बरा चालतोय तोवर घ्या."

म्हणून कलम सातवे रद्द. घंटा पालोमाच्या गळ्यात, आणि पालोमा कलम तिसऱ्याप्रमाणे मेल्चोराकडे. कलम पहिल्यात बदल करायचा का, असे नोटरी विचारतात. करावा. दगडावर नाव कोरले गेले तर मला कबरस्तानात पुरावे, दगडाच्या बाजूला, आणि पाद्रीबाबांचा मध वाचेल तो जनरलना द्यावा. नोटरी म्हणतात, मग पुन्हा तेच होईल, साक्षीदाराला काही देता येत नाही. बरे. मध मास्तरांना. तेही साक्षीदार आहेत, असे आता म्हणतात. तर मध नोटरींनीच खावा, आणि त्याचा कायदा काय आहे ते मला सांगू नये.

हे सगळे मला पहिल्यापासून वाचून दाखवले. "बोकड" हा शब्द नोटरींनी हळू वाचला, तो पुन्हा मोठ्याने वाचायला लावला. जे सांगितले तेच लिहिले आहे. अक्षर येत नसल्याने आमच्या खेचरांच्या पाठीवर उमटवतात ती खूण, वर्तुळात चंद्रकोर, मी स्वतःच्या हाताने खाली काढते.

ठिकाण उर्कुपाता, वरची आळी. दिनांक ९ ऑगस्ट १८६१, शुक्रवार, दुपारचे चार.

निशाणी: बेनिल्दा चोके.

माझ्यासमोर सांगितले, माझ्या हाताने लिहिले. नको होते तेही लिहिले. एलादियो उगार्ते, नोटरी. शिक्का.

साक्षीदार पहिला. तेओदोसियो लायमे, वय एकतीस, शाळामास्तर. सांगणारी बाई शुद्धीवर होती. मी इतका नव्हतो.

साक्षीदार दुसरा, स्वतःच्या हस्ताक्षरात:

माझे वय शहात्तर, धंदा शेंगा आणि बटाटे. वरच्या खिंडीच्या लढाईत मी सेनापती होतो, म्हणून पुढील गोष्टी मला प्रत्यक्ष माहीत आहेत. घंटेत लोकर कोंबण्याचा हुकूम माझा होता. ओनोरियो चोके, बापाचे नाव मातेओ, याने मला तसे करू नका म्हणून सांगितले होते, आणि मी ऐकले नाही. घंटा घळीत नेण्याचा हुकूम मी कोणालाही दिला नाही. ती त्याने नेली, आणि वाजवत असताना तो मारला गेला. हजेरीपटात त्याच्याबद्दल मी जे लिहवले ते खोटे आहे, आणि खोटे आहे हे मला दुसऱ्याच दिवशी कळले होते. नगरसभेने हे निवेदन समजून त्याचे नाव दगडावर कोरावे; खाली जागा नसेल तर माझे नाव वर मोठ्या अक्षरांत आहे, ते काढून तिथे कोरावे. त्या सकाळी सैन्य घंटेच्या मागे गेले आणि घंटा त्याच्या हातात होती. तेवढ्या वेळापुरता सेनापती तो होता. मी फक्त त्याचा हुकूम पाळला.

लिसार्दो आर्से